कोकण रेल्वे: चार राज्यांची कंपनी आणि मधली गावं

दर्याकाठचा

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला अखेर महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये संमती दिली. गोवा, कर्नाटक आणि केरळ आधीच तयार होते. आपल्याकडे गाजली ती नावाची अट: विलीन करा, पण 'कोकण रेल्वे' हे नाव राहिलं पाहिजे. त्यावर भावनिक पोस्टींचा पाऊस पडून गेला. नाव राहील हो. पण ही वेगळी कंपनी काढून चार राज्यांनी काय मिळवलं आणि कोणाच्या पदरात किती पडलं, यावर कोणी बोलायला तयार नाही. म्हणून हा धागा.

थोडी उजळणी करतो, कारण नव्या पोरांना वाटतं ही लाईन इंग्रजांनी टाकली. बॅ. नाथ पै, अ. ब. वालावलकर, मधु दंडवते अशा माणसांनी ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली होती. गाडी रोह्याला येऊन थांबली होती. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, असा योग जुळला. तरी रेल्वेच्या वार्षिक तरतुदीवर विसंबून एवढा मार्ग होणार नव्हता. म्हणून कंपनी काढली: केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ यांचे प्रत्येकी ६. बाकी पैसा बाजारातून, रोखे विकून. ई. श्रीधरन यांनी काम हातात घेतलं आणि जानेवारी १९९८ मध्ये रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर असा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण सुरू झाला.

आता केरळकडे बघा. या ७४० किलोमीटरमधला एक इंचही रूळ केरळात नाही. तरी त्यांनी भांडवल घातलं, कारण हिशोब सरळ होता. कोची-मुंबई अंतर १,८४९ किलोमीटरवरून १,३३६ वर आलं. दुसऱ्याच्या राज्यात पैसे घालून स्वतःचा माणूस बारा तास लवकर घरी आणायचा. मला हे आजही फार हुशारीचं वाटतं.

पण खोच तिथेच आहे. कर्ज फेडायचं असलेल्या कंपनीला लांबचा प्रवासी आणि मालगाडी हवी असते. सावर्ड्याहून चिपळूणला जाणारा माणूस तिच्या ताळेबंदाला काय कामाचा? त्यामुळे दोन्ही टोकांना भरभरून मिळालं आणि मधे दक्षिण रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, उत्तर कन्नड यांच्या अंगणातून गाड्या धडधडत जाऊ लागल्या. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. रेल्वेचा सगळा मार्ग लगेच पुढच्या वर्षी सुरू झाला. याहून चांगला मुहूर्त कुठला? तरी पर्यटकाला विचारा कुठे चाललास, तर सांगेल मडगाव.

विलीनीकरणाच्या वाटाघाटीत महाराष्ट्राने नाव मागितलं. मी असतो तर थांबे, टर्मिनस आणि कमी अंतराच्या गाड्या लिहून मागितल्या असत्या. बोला.

शिरवीचा शेट्टी

पहिला नंबर माझा. मी मुंबईत जन्मलेला, गाव उडुपीजवळ. टोकवाल्यांना मिळालं म्हणता ते शंभर टक्के खरं. पण काय मिळालं हे तरी ऐका.

मुंबई-मंगळूर रेल्वेने २,०४१ किलोमीटर आणि ४१ तास होते. ते ९१४ किलोमीटर आणि १५ तासांवर आलं. आमच्या घरचे त्या जुन्या रेल्वेने कधी गेलेच नाहीत, बसनेच जायचे. आजारी माणसाला गावाला न्यायचं म्हणजे घरात आठवडाभर चर्चा. मुंबईतल्या उडुपी हॉटेलांतली पोरं वर्षातून एकदा गावी जायची. मत्स्यगंधा सुरू झाल्यावर लग्न, बारसं, भूतकोला, सगळ्याला माणसं हजर राहायला लागली. याला पर्यटन म्हणत नाहीत, पण पैसा गावात तसाच येतो. बंद पडलेली घरं दुरुस्त झाली.

आणि मधल्यांना काहीच मिळालं नाही हे मला पटत नाही. मुर्डेश्वर, गोकर्ण रोड, बैंदूर ही स्टेशनं बघा. बैंदूरच्या स्टेशनाच्या नावातच 'मूकांबिका रोड' आहे. कोल्लूरला जाणारे मल्याळी भाविक तिथे उतरतात. म्हणजे केरळचा भक्त, कर्नाटकातलं देऊळ आणि गाडी आणणारी कंपनी बेलापूरची. शिरालीच्या चित्रापूर मठासाठी चित्रापूर नावाचं स्टेशनच आहे. मुंबई-पुण्यातल्या सारस्वतांची सोय झाली.

दर्याकाठचा

शेट्टी, देवळांचा मुद्दा चांगला आहे. पण ही गावं आधीपासून देवामुळे चालत होती, रेल्वेने फक्त रस्ता सोपा केला. किनारा, किल्ले, खाडी यांच्यासाठी नवा माणूस आणायचा तर त्याला स्टेशनवरून पुढे न्यावं लागतं. देवाला जाणारा कसाही जातो.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. टोकाला भरभरून मिळालं हे वाचून हसू आलं. आम्ही टोक नाही, मधेच आहोत, आणि मिळालं ते मागून मिळालेलं नाही.

तुमच्यापैकी कितीजणांना आठवतं माहीत नाही, पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गोव्यात या मार्गाला मोठा विरोध झाला होता. रेल्वेला नव्हे, मार्गाला. आखणी किनारपट्टीच्या दाट वस्तीतून आणि खाजन जमिनींतून जात होती. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती. मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारांतून, भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करायचं तिचं गणित शेकडो वर्षांचं. त्यात रेल्वेचा भराव टाकला की पाणी कुठून जाणार? जुन्या गोव्याच्या चर्चच्या परिसराचीही काळजी होती. मार्ग पूर्वेला, आतल्या बाजूने न्या, अशी मागणी होती. १९९३ मध्ये काम थांबलं, न्या. ओझा यांचा आयोग बसला आणि शेवटी थोडेफार बदल सोडता मार्ग तोच राहिला.

मला आज रेल्वे हवीच आहे, त्यावर वाद नाही. पण चार राज्यांच्या कंपनीत ६ टक्केवाल्याचा आवाज किती, हे आम्ही तेव्हाच बघितलं. आता मेच्या सुट्टीत मडगाव स्टेशनवर जी गर्दी उतरते तिचं पाणी, कचरा, रस्ते आमच्या पंचायतींनी बघायचे. तुम्हाला थांबे हवेत ना? घ्या, खुशाल घ्या. थोडी गर्दी तिकडेही उतरू दे.

केळशीकर

मांडवीतीर +१. शेवटच्या वाक्याला तर +१००.

लूपलाईन

रेल्वेत नोकरी झाली, आता निवृत्त. थांबे मागणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो, कारण इथे सगळं कंपनीच्या माथी मारलं जातंय.

पहिली. कोकण रेल्वेवर धावणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या, त्यांचे डबे, इंजिनं इतर विभागांची: मध्य, दक्षिण, नैर्ऋत्य. कुठली गाडी, कुठले थांबे, याला रेल्वे बोर्डाची मंजुरी लागते. कोकणच्या गाड्यांची मुंबईतली टर्मिनसं बहुतेक मध्य रेल्वेची. सीएसएमटी, दादर, कुर्ल्याला फलाट मोकळा नसेल तर कोकणासाठी नवी गाडी निघणार कुठून? महामंडळाच्या हातात आहे तो रूळ, त्याची देखभाल, त्यावरची वाहतूक.

दुसरी, महत्त्वाची. तो रूळ एकेरी आहे. रोहा ते वीर हे ४६ किलोमीटर २०२१ मध्ये दुहेरी झाले, पुढे सगळं एकेरी. समोरून गाडी येत असेल तर एकीने स्टेशनात लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं राहायचं. तुम्ही म्हणता दोन मिनिटांचा थांबा. ब्रेक लावणं, उभं राहणं, परत वेग घेणं यात त्याहून जास्त वेळ जातो. तेवढ्यात समोरच्या गाडीची वेळ चुकली की ती पुढच्या स्टेशनात अडकते, तिच्यामागची त्याच्या मागच्या स्टेशनात. गणपतीत शेकडो जादा गाड्या सोडतात, तेव्हा तुमची गाडी माळरानावर का उभी असते याचं उत्तर हेच. कडवई, वेरवली, खारेपाटण रोड अशी नवी क्रॉसिंग स्टेशनं त्यासाठीच बांधली. त्यांचा फायदा झालाय, पण दुपदरीकरणाची सर नाही.

मग करा की दुहेरी, असं म्हणाल. नव्वदच्या वर बोगदे आहेत आणि सगळे एका रुळापुरते खोदलेले. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. प्रत्येकाशेजारी दुसरा उभा करायचा. हे पैसे कर्ज डोक्यावर असलेल्या महामंडळाला कोण देणार? मी विलीनीकरणाच्या बाजूचा आहे तो एवढ्याचसाठी. केंद्राच्या अर्थसंकल्पातून थेट तरतूद मिळाली तरच दुसरा रूळ दिसेल.

साधा प्रवासी

लूपलाईन काका, पावसाळ्यात गाड्या हळू का चालवतात तेही सांगा. दरवर्षी वेळापत्रक बदललं की लोक गोंधळतात.

लूपलाईन

२२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड रुळावर आली, पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा घसरली. त्यानंतर उतार कापणं, जाळ्या लावणं, पावसात चोवीस तास गस्त, वेगावर मर्यादा, सगळं आलं. आधी हे वेळापत्रक १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. तेवढे दिवस वाचले हीसुद्धा कमाई आहे. तासभर उशीर झाला म्हणून ओरडणाऱ्यांनी आंबोलीत नाहीतर कशेडीत पावसाळ्यात एकदा डोंगर बघावा.

आणि एक बोगदा बंद पडला की काय होतं ते जुलै २०२४ मध्ये दिसलंच. पेडण्याच्या बोगद्यात खालून चिखलपाणी वर आलं आणि गाड्या रद्द तरी झाल्या नाहीतर मिरज-लोंढ्यामार्गे वळवाव्या लागल्या. हद्दीवरच्या एका बोगद्यात पाणी आलं आणि केरळची माणसं अडकून पडली. दुसरा रूळ हवा तो यासाठीही.

निवतीची वैनी

मी होमस्टे चालवतंय, वेंगुर्ला तालुक्यात किनाऱ्याक. सगळ्यांचा वाचलंय. आता माझा आयका.

रेल्वेन माणूस हाडून सोडल्यान, पुढचा कोण बघतलो? आता शुद्ध मराठीत लिहिते, नाहीतर शेट्टींना कळायचं नाही. आमचे पाहुणे दहातले सात रेल्वेने येतात. मुंबईहून गाडीत झोपले की सकाळी कुडाळ. इथवर सगळे खूश असतात. मग स्टेशनाबाहेर येऊन फोन करतात, 'ताई, रिक्षावाला इतके सांगतोय, बरोबर आहे का?' कुडाळ ते किनारा पंचवीस-तीस किलोमीटर. चार माणसांचं कुटुंब असेल तर रिक्षेचं जाऊन-येऊन भाडं एकेकदा मुंबईच्या स्लीपरच्या तिकिटांइतकं होतं. रिक्षावाल्याला तरी काय बोलणार, त्याला परतीचं गिऱ्हाईक नाही. एसटी आहे, पण ती स्टेशनवर नाही, डेपोत. गाडी आली की एसटी सुटावी असं वेळापत्रक कोणी जुळवत नाही, कारण रेल्वे केंद्राची, एसटी राज्याची आणि पाहुणा देवाच्या भरवशावर.

सावंतवाडीचंही तेच. स्टेशन मळगावला, शहर लांब. गोव्यात थिवी आणि म्हापसा तसंच. रूळ टाकताना डोंगर आणि जमिनी बघितल्या, बाजारपेठा नाही बघितल्या. तेव्हा ते बरोबरही असेल. पण मग शेवटच्या पंचवीस किलोमीटरची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी होती. मला वंदे भारत नको. त्या गाडीला सुरू झाली तेव्हा आमच्या जिल्ह्यात एकच थांबा होता, कणकवली. मला स्टेशनच्या दारात उभी राहिलेली एक मिनीबस द्या, दिवसातून चार गाड्यांना धरून. माझ्या खोल्या पावसातसुद्धा भरतील.

दर्याकाठचा

वैनी, हा धागा तुम्हीच काढायला हवा होता. थांब्यांपेक्षा हा मुद्दा वर ठेवतो.

बांदेकर ७९

टर्मिनसचं कोणी बोलेना म्हणून मी बोलतो. सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ मध्ये झालं, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना. एवढी वर्षं झाली, पुरं टर्मिनस अजून नाही. तेवढ्यात मोपाचा विमानतळ उभा राहून २०२३ पासून सुरूसुद्धा झाला. गाडी जिथून सुटते तिथे डबे रिकामे असतात. मडगावहून सुटणारी गाडी सावंतवाडीला येईपर्यंत भरून येते. सिंधुदुर्गाचा कोटा किती यावर भांडत बसण्यापेक्षा चार गाड्या इथून सोडा ना.

मांडवीतीर

मडगावच्या गाड्या तोडून सावंतवाडीला नेणार असाल तर आमचा विरोध राहील, आधीच सांगतो.

बांदेकर ७९

तोडा कोण म्हणतंय? नव्या द्या. आणि भाऊ, हद्दीवर आम्ही कसे जगतो ते बघा. बांदा, दोडामार्ग, सातार्ड्याची पोरं रोज सकाळी दुचाकीवरून गोव्यात कामाला जातात, रात्री परत. घरात कोणाला काही झालं तर बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. २०१८ मध्ये गोव्याने तिथे बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात किती मोठं आंदोलन झालं होतं आठवतंय ना? तुमची दुकानं आमच्या पोरांवर चालतात, आमचे रुग्ण तुमच्या डॉक्टरांवर. मग या दोन्हींच्या मधे कामाच्या वेळा धरून धावणाऱ्या दोन-चार मेमू (कमी अंतराच्या विजेवरच्या गाड्या) असाव्यात यात कोणाचं काय जातं? रोज दुचाकीवरून राष्ट्रीय महामार्गाने जाणारी किती पोरं गेली, ती यादी मी इथे लिहीत नाही.

मांडवीतीर

मेमूला माझा पाठिंबा. मनापासून. रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या तर आम्हालाही हव्याच आहेत.

जयनगरचा पाहुणा

हद्दीपलीकडचा विषय निघालाच आहे म्हणून थोडं अवांतर लिहितो. सध्या कामानिमित्त बिहारमध्ये जयनगरला आहे. इथून नेपाळात जनकपूरमार्गे कुर्थ्याला जी गाडी जाते तिचे डिझेल डेमू संच नेपाळला कोकण रेल्वेने पुरवले, २०२० मध्ये. एप्रिल २०२२ पासून सेवा सुरू आहे आणि चालवायला महामंडळाची तांत्रिक मदत मिळाली. आधी इथे जुनी नॅरोगेज होती, ती २०१४ च्या सुमारास बंद पडली होती. आता सीतेच्या माहेरी जाणारे भाविक, सामान घेऊन जाणारे व्यापारी, सोयरिकी सांभाळणारी कुटुंबं, सगळी या गाडीत. इथल्या मैथिली बोलणाऱ्या लोकांना हद्द ओलांडली तरी आपण परदेशात आलो असं वाटत नाही. गंमत म्हणजे जयनगर ते कुर्था अंतर आहे फक्त पस्तीसेक किलोमीटर. ज्या कंपनीला मधल्या माणसाची पर्वा नाही असं वर कोणीतरी लिहिलंय, तीच इथे शुद्ध स्थानिक गाडीला हात लावून आहे.

चिनाब पुलाचं नाव सगळे घेतात, तिथेही हीच कंपनी होती. या छोट्या गाडीबद्दल मराठीत कोणी लिहिलेलं मला दिसलं नाही.

लूपलाईन

पाहुणे, उत्तम माहिती. कश्मीर आणि नेपाळची कामं महामंडळाने घेतली ती उत्पन्नासाठीही. नुसत्या तिकिटांवर एवढा डोंगराळ मार्ग पोसता येत नाही. प्रत्यक्ष अंतरापेक्षा जास्त किलोमीटर धरून भाडं आकारायची मुभा कोकण रेल्वेला आहे, तीही याचसाठी. विलीनीकरण झाल्यावर हे वाढीव किलोमीटर गेले पाहिजेत, ही मागणी कोणी केली का? ती करा. कोकणातल्या माणसाला ती सगळ्यात आधी जाणवेल.

दर्याकाठचा

काका, हे लिहून ठेवतो. आणि कंपनीच्या बाजूने एक गोष्ट मीच मांडतो: रो-रो. १९९९ पासून कोलाड ते वेर्णा ट्रक रेल्वेवर चढवून नेतात. चालक झोपतो, घाट वाचतात, डिझेल वाचतं. हे देशात पहिल्यांदा इथे झालं. २०२५ च्या गणपतीत तोच प्रयोग खाजगी मोटारींसाठी केला, एका मोटारीला ७,८७५ रुपये. प्रतिसाद थंड. कारण चाकरमान्याला वेर्ण्याला जाऊन करायचंय काय? त्याचं घर देवगडला नाहीतर राजापुरात. नंतर नांदगाव रोडचा थांबा दिला, पण तोवर लोकांनी महामार्ग धरला होता. माझा सगळा मुद्दा या एका गाडीत दिसतो. कल्पना चांगली, नकाशावर फक्त दोन टोकं, मधलं कोकण नंतर आठवतं.

साधा प्रवासी

पण मांडवी एक्स्प्रेसमधल्या खाण्याबद्दल कोणी एक वाईट शब्द काढायचा नाही. कबूल?

केळशीकर

कबूल.

शिरवीचा शेट्टी

कबूल. पण सांबार आमच्याकडे यावं शिकायला.

पुणेरी भटक्या

सगळं वाचलं, छान चर्चा. एक व्यावहारिक प्रश्न. डिसेंबरात रेल्वेने येऊन तेरेखोल, रेडी, शिरोडा आणि गोव्याचं केरी असं करायचंय, स्वतःची गाडी नाही. पेडण्याला उतरू की सावंतवाडीला? तेरेखोल नक्की कुठल्या राज्यात येतं हेही नकाशावर कळेना.

बांदेकर ७९

किल्ला गोव्याचा, पण तेरेखोल नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे आमच्या बाजूला. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी सावंतवाडीच्या भोसल्यांकडून घेतला, तेव्हापासूनची ही गंमत. सावंतवाडीला उतरा. बस स्थानकावरून शिरोड्याची एसटी धरा, मुक्काम शिरोड्यात करा. रेडीचा गणपती बघून तिथून रिक्षाने किल्ल्यापर्यंत जाता येतं. किल्ल्याखालून फेरी आहे, ती थेट केरीला सोडते. फेरीच्या वेळा भरती-ओहोटीवर आणि त्या दिवशीच्या माणसांवर असतात, म्हणून सकाळीच निघा. केरीहून पेडणे किंवा म्हापशाकडे कदंबची बस मिळते. परतीचं तिकीट थिवीचं काढा, म्हणजे आलात त्या वाटेने परत जावं लागणार नाही.

निवतीची वैनी

आणि शिरोड्याक राहूक जागा हवी तर मला निरोप करा. माझी नाही, माझ्या बहिणीची आसा. स्टेशनावरून रिक्षा ती स्वतः ठरवून देता, भाडा आधीच सांगता.